वंदनाची देवघेव

सुज्ञ वाचकहो, सादर जय जिनेंद्र.

लिहिणाऱ्याचे नाव पाहण्यापूर्वीच या दोन शब्दांनी त्याचे आणि आपले नाते जोडून दिले. अभिवादनाचे काम एवढेच असते. परंतु ते झाल्यावाचून पुढचे बोलणे सुरू होत नाही आणि व्यवहारही रुळावर येत नाही, हे व्यापारी घरांना वेगळे सांगावयास नको. आपल्या घरातील मूल बोबडे बोलू लागले की त्याचे चिमुकले हात जोडून आपण त्यास 'जय जिनेंद्र' म्हणावयास शिकवितो. मंदिरात, उपाश्रयात, आजोळी ते शब्द त्याच्या ओठी बसतात. राग-द्वेषांवर ज्याने विजय मिळविला त्याचा जयजयकार, हा त्या शब्दांचा अर्थ त्यास पुढे कधीतरी उमगतो. शब्द मात्र आधीच रुजलेले असतात. संस्कार बहुधा याच क्रमाने होतात.

हेच मूल पाच-सहा वर्षांचे झाले की मे महिन्याच्या सुट्टीत वडिलांचे बोट धरून पेढीवर येते. तेथे दिवसभरात जी माणसे येतात-जातात, त्यांतील बहुतेकांच्या घरी 'जय जिनेंद्र' हा शब्द नाही. त्यांना या मुलाने काय म्हणावे? हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. या महिन्याच्या सदराचा विषय तोच आहे.

आपल्या भिवंडीकडेच या दृष्टीने पाहू. कामवारी नदीच्या काठच्या या जुन्या गावात कोकणी मुसलमान, आगरी, कोळी आणि इतर मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली. १८५७च्या उठावानंतर उत्तर प्रदेशातून मोमीन विणकर आपले हातमाग घेऊन आले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि त्यांच्या वस्तीने पद्मनगर भरले. जामनगरच्या आसपासच्या हालार प्रांतातून वीसा ओसवाल आले, राजस्थानातून मारवाडी बांधव आले. हातमागाचे यंत्रमाग झाले, तसे उत्तर प्रदेश आणि बिहारमधून कारागीर येत राहिले. आता नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगा उभ्या आहेत आणि पंजाब, हरियाणा, तमिळनाडूपासूनचे वाहनचालक आपल्या फाट्यांवर चहा पीत बसलेले दिसतात. गावात मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती, तेलुगू आणि इंग्रजी अशा अनेक माध्यमांच्या शाळा आहेत. देशातील कितीतरी मोठ्या शहरांना जे भाषावैभव लाभत नाही, ते आपल्या या यंत्रमागांच्या गावास घरबसल्या लाभले आहे.

सुताचा एक कोन आपल्या पेढीतून निघून तयार कापडाचा तागा होऊन परत येईपर्यंत किती हात लागतात, याचा हिशेब मुलांपुढे मांडून पाहावा. सूत विकणारा गुजराती, सायझिंगमधला मराठी कामगार, मागाचा मालक मोमीन, माग चालविणारा आझमगढचा किंवा करीमनगरचा, कांडी भरणारी त्याच्याच शेजारची बाई, गाठ उचलणारा हमाल आणि टेम्पोवर बसलेला आगरी चालक. यांतील एकाचाही हात निघाला तर तागा पुरा होत नाही. मुलाच्या अंगावरील सदरा किती भाषांतून विणून आला, हे त्यास कळले तर ती भूगोलाची आणि समाजशास्त्राची पहिली शिकवण होय, आणि तिला पुस्तक लागत नाही.

आता एक गोष्ट स्पष्टपणे म्हणणे आवश्यक आहे. आपल्या पेढीवर येणारा मोमीन मागवाला शेठजींना पाहताच 'जय जिनेंद्र' म्हणतो. तेलुगू कारागीरही म्हणतो. बिहारहून आलेला हमाल पंधरा दिवसांत ते शिकतो. कोणी त्यांना शिकविले नाही. पोटासाठी, आदरासाठी, सवयीने त्यांनी ते उचलले. उलट दिशेने पाहावे तर चित्र निराळे दिसते. वीस-वीस वर्षे ज्याच्याशी व्यवहार आहे, त्याच्या घरी सकाळी एकमेकांस काय म्हणतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? देवघेवीत एका बाजूने सतत येत राहावे आणि दुसऱ्या बाजूने काहीच जाऊ नये, तर आपला मेहताजी त्या खात्याला काय म्हणेल? अभिवादनाच्या या खात्यात आपली बाकी फार जुनी आहे, आणि ती फेडण्यास मुलांहून योग्य कोणी नाही.

मुले काही शिकत नाहीत, असे नव्हे. आपण शिकविले नाही तर ती आपल्या बोलण्यातून ऐकून शिकतात आणि मग जे शिकतात ते फारसे भूषणावह नसते. 'भैया' हा शब्द घ्या. उत्तरेत तो थोरल्या भावास म्हणतात. त्यात माया आहे, मान आहे. आपल्याकडे तो एका प्रांताच्या माणसांचा शिक्का झाला, आणि त्याच्याआधी 'ए' लागला की मान तर गेलाच, मायाही गेली. 'अण्णा' म्हणजेही थोरला भाऊच. पण तो कोणत्या सुरात उच्चारला जातो, त्यावर तो भाऊ राहतो की नक्कल होते ते ठरते. 'मियाँ' हा मूळचा आदराचा शब्द. त्याची गत सांगावयास नको. शब्द तेच राहतात, घरातील सूर मुलाच्या कानी पडतो. चार वर्षांचे मूल 'ए भैया, गाडी काढ' असे म्हणते तेव्हा आपण कौतुकाने हसतो. त्या हसण्याने धडा पक्का होतो. वयाने आजोबा शोभेल अशा माणसास एकेरी हाक मारण्याचा परवाना त्या बालकास आपणच दिलेला असतो.

अशा वेळी मुलास रागावून भागत नाही. हिसकावून घेतलेल्या शब्दाच्या जागी दुसरा शब्द द्यावा लागतो. तो दुसरा शब्द म्हणजे समोरच्याचे अभिवादन.

लहानपणीच का, असेही कोणी विचारील. याचे एक कारण कानात आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या संशोधकांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या 'त' आणि 'ट' यांतील भेद इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना सहसा ऐकू येत नाही. परंतु इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना तो ऐकू येतो, असे त्यांना आढळले. आणि तीच बालके दहा-बारा महिन्यांची झाली की तो भेद बहुतेकांच्या कानातून निसटू लागतो. बाळ जगातील सगळ्या भाषांसाठी कान उघडे ठेवून जन्माला येते आणि घरात जे ऐकू येत नाही त्यासाठी ते हळूहळू मिटवून घेते. कान पूर्ण बंद होत नाहीत. बालपणी ते पुन्हा सहज उघडतात, पुढे मात्र कष्ट पडतात. मनाचेही थोडेफार असेच म्हणावयास हरकत नाही. सहा वर्षांच्या मुलास अनोळखी शब्दाची गंमत वाटते. सोळाव्या वर्षी त्याच शब्दाचा संकोच वाटतो.

दुसरे कारण आपल्याच परंपरेत आहे. शके ७०० संपण्यास एक दिवस उरला असता, म्हणजे इसवी सन ७७९मध्ये, जालोर येथे उद्योतनसूरींनी 'कुवलयमाला' हा प्राकृत ग्रंथ पूर्ण केला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले थोर विद्वान डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी तो संपादित करून अभ्यासकांपुढे आणला. त्या कथेतील राजकुमार विजयापुरीच्या बाजारपेठेत येतो, तेव्हा त्यास निरनिराळ्या देशांचे व्यापारी आपापल्या भाषेत बोलताना दिसतात. आचार्यांनी एकेकाचे वर्णन केले आहे: गुर्जर, लाट, मालव, कर्नाटक, कोसल, आंध्र, महाराष्ट्र अशी ती यादी चालते. प्रत्येकाची अंगकाठी कशी, स्वभाव कसा आणि बाजारात त्याच्या तोंडी वारंवार येणारे शब्द कोणते, हे ते नोंदवितात. गुर्जर तूप-लोण्यावर पोसलेले आणि धर्मपर आहेत, असे ते म्हणतात. महाराष्ट्रीय काटक, अभिमानी आणि जरा भांडखोर आहेत, असेही सांगण्यास चुकत नाहीत. मराठी माणसाच्या तोंडचे म्हणून त्यांनी जे शब्द टिपले, त्यांचा अर्थ आहे 'दिले' आणि 'घेतले'. मराठी भाषेच्या सर्वांत जुन्या खुणांमध्ये अभ्यासक या शब्दांची गणना करतात.

विचार करा: संसाराचा त्याग केलेले एक मुनी बाजारात उभ्या असलेल्या माणसांचे बोलणे इतके कान देऊन ऐकतात, आणि आपल्या धर्मकथेत त्यास जागा देतात. बाराशे वर्षांहून अधिक काळापूर्वीची ती विजयापुरी आणि आजची आपली पेठ यांत तसा फार फरक नाही. फरक पडला असेल तर तो ऐकण्यात.

आपले वाडवडीलही ऐकणारे होते. हालारातील ओसवाल कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व आफ्रिकेत गेली. मोंबासा, नैरोबीत त्यांनी दुकाने थाटली. आपल्यापैकी अनेकांचे काका-मामा आजही तेथे आहेत. त्यांना विचारा; स्वाहिली शिकल्यावाचून तेथे एकही दुकान चालले नाही. त्या भाषेत धाकट्याने थोरल्यास 'शिकामू' म्हणावे आणि थोरल्याने 'मराहबा' म्हणून त्याचा स्वीकार करावा, अशी रीत आहे. 'शिकामू'चा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो' असा सांगतात. आपल्या घरातील गुजराती आजी पाहुण्यांस 'पगे लागुं' म्हणते, उत्तर प्रदेशातील कारागीर आपल्या वडीलधाऱ्यांस 'पालागी' म्हणतो, मराठी सून 'पाया पडते' म्हणते. समुद्राच्या दोन्ही तीरांवर धाकटी माणसे थोरांच्या पायांचेच नाव घेतात, हे मुलास सांगून पाहा. त्याच्या डोळ्यांत जे कुतूहल उमटेल, ते शंभर उपदेशांनी उमटणार नाही.

आता विषयाच्या अधिक गंभीर बाजूकडे वळू. भिवंडीच्या इतिहासात दोन तारखा अशा आहेत की ज्येष्ठ वाचकांना त्या सांगाव्या लागत नाहीत. मे १९७० आणि मे १९८४. पहिल्या दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला गेला. दुसऱ्या दंगलीत माणसे गेली, माग जळाले आणि कित्येक कुटुंबे गाव सोडून गेली. त्यानंतर १९८८पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील साधी माणसे पोलिसांसह नियमित एकत्र बसत. नळाच्या पाण्यापासून शेजाऱ्यांच्या तंट्यापर्यंतचे लहानसहान प्रश्न सोडवीत. त्या बैठकींत भाषणे कमी आणि ओळखी जास्त झाल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली, तेव्हा दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. अफवा आल्याच नाहीत असे नव्हे. पण अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी हे कोणास विचारावे, हे लोकांना ठाऊक होते. पलीकडच्या गल्लीतील माणसाचे नाव त्यांना माहीत होते आणि त्याच्या दाराशी जाऊन काय म्हणावे हेही.

त्या काळी जन्मलेली पिढी आज स्वतः पालक झाली आहे. तिची मुले कोठे वाढत आहेत? फाटक, पहारेकरी आणि उद्वाहन असलेल्या संकुलात. शाळेची बस फाटकाशी येते आणि तेथेच सोडते. खेळायचे मित्र त्याच संकुलातले, वाढदिवसाचे पाहुणे त्याच समाजातले. यात पालकांचा हेतू मुलांच्या सुरक्षेचाच असतो. तथापि, ज्याला पलीकडच्या गल्लीत एकही ओळखीचा चेहरा नाही त्याची सुरक्षितता भिंतीच्या उंचीएवढीच असते. आपल्या मुलांना याच गावात व्यापार करावयाचा आहे. उद्या कधी गाव पुन्हा तापले, तर त्यांच्याजवळ काय असेल? निदान काही नावे असावीत, काही दारे ओळखीची असावीत, आणि त्या दाराशी उभे राहून म्हणता येईल असा एक शब्द असावा.

येथे अनेक घरांत एक शंका निघते, आणि ती अप्रामाणिक नसते. इतरांची अभिवादने शिकविल्याने मुलाचा 'जय जिनेंद्र' पातळ होणार नाही काय? दुसऱ्या धर्माचा शब्द त्याच्या तोंडी घालणे योग्य काय? या शंकेचे उत्तर अर्थाकडे पाहून द्यावे. 'अस्सलाम अलैकुम' म्हणजे तुमच्यावर शांती असो. 'व अलैकुम अस्सलाम' म्हणजे तुमच्यावरही असो. शांतीची ही इच्छा कोणत्या जैन बालकास वर्ज्य आहे? ज्यू लोकांचे 'शालोम' त्याच अर्थाचे आणि सलामचेच सख्खे भावंड आहे. कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांनी ते आपल्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या जपले. ज्यांना धार्मिक शब्दाचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी उर्दूतच 'आदाब' आहे; उजवा हात किंचित कपाळाकडे नेऊन म्हणावयाचा तो निव्वळ शिष्टाचाराचा शब्द असून अनेक धर्मांच्या माणसांनी तो वापरला आहे. तेलुगू घरात 'नमस्कारम्' म्हणावे आणि 'बागुन्नारा?' असे विचारावे, म्हणजे 'बरे आहात ना?'. नावापुढे 'गारू' जोडला की आपल्या 'जी'चा किंवा 'राव'चा मान झाला. शीख वाहनचालकास 'सत श्री अकाल', तमिळ चालकास 'वणक्कम', आगरी आजोबांना 'राम राम'. यांतील कोणत्याही शब्दाने मुलाची श्रद्धा बदलत नाही. त्याचे कान आणि हात तेवढे मोकळे होतात.

घरातील मर्यादा पालकांनी ठरवावी. एखादा शब्द आपल्या मुलाने म्हणू नये असे वाटले, तर त्याने हात जोडून 'नमस्कार' म्हणावे. तोही सुंदर शब्द आहे. परंतु समोरच्याच्या शब्दाचा अर्थ त्यास ठाऊक असावा, आणि अर्थ सांगताना आपल्या स्वरात कुत्सितपणा नसावा, एवढे पथ्य सर्वांना पाळता येते. आणि आपला शब्द आपल्या मुलाने लपवू नये. वर्गातील मैत्रिणीने 'जय जिनेंद्र म्हणजे काय गं?' असे विचारले, तर दोन सोप्या वाक्यांत सांगता येईल इतका त्याचा अर्थ मुलीला माहीत हवा. ज्याला स्वतःच्या अभिवादनाचा अर्थ कळला, त्यालाच दुसऱ्याच्या अभिवादनाची किंमत कळते.

काही अभिवादनांमागे इतिहास असतो. तो थोड्या मोठ्या मुलांना, नऊ-दहा वर्षांच्या पुढे, अवश्य सांगावा. 'जोहार' या शब्दाची कथा पाहा. एके काळी महाराष्ट्रातील अस्पृश्य मानलेल्या माणसांना इतरांपुढे वाकून 'जोहार' म्हणणे भाग होते. 'राम राम' म्हणण्याचा अधिकारही त्यांना नाकारला जात असे. पुढे त्या जागी 'जय भीम' आले. ते रूढ करण्याचे श्रेय नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते. मान खाली घालून म्हणावयाचा शब्द टाकून मान वर करून म्हणावयाचा शब्द एका समाजाने घेतला. उलट आपल्याच जिल्ह्यातील आणि शेजारच्या पालघरमधील आदिवासी बांधव, तसेच दूर झारखंडातील आदिवासी, तोच 'जोहार' अभिमानाने म्हणतात. शब्द एकच; तो सक्तीने म्हणविला की अपमान होतो, स्वेच्छेने म्हटला की सन्मान होतो. एवढे जरी मुलांना कळले तरी अभिवादन ही पोपटपंची नव्हे, हे त्यांच्या लक्षात येईल. आणि आपल्या इमारतीत सफाईस येणाऱ्या मावशी 'जय भीम' म्हणाल्या तर त्यास तितक्याच मोकळेपणाने उत्तर देणे त्यांना जड जाणार नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. आपल्याकडे वही-पूजनाची परंपरा आहे. त्याच धर्तीवर प्रत्येक मुलास एक लहानशी वही द्यावी. तीस 'वंदन-वही' म्हणावे. तिच्यात चार रकाने आखावेत: अभिवादन कोणते, त्याचे उत्तर काय, अर्थ काय, आणि कोणाकडून शिकलो. यांतील चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. फोनवर शोधून लिहिलेला शब्द या वहीत चालणार नाही. शब्द माणसाकडूनच घ्यावयाचा. त्यासाठी मुलास त्या माणसापुढे जाऊन उभे राहावे लागेल, 'काका, तुमच्या घरी काय म्हणतात?' असे विचारावे लागेल, चुकीचा उच्चार केला तर हसू सहन करून पुन्हा म्हणावा लागेल. खरे शिक्षण त्यातच आहे. ज्याला आजवर कोणी काही विचारले नाही, अशा माणसाकडे शेठजींचे मूल शिष्य होऊन आले, ही गोष्ट त्याच्याही मनात दीर्घकाळ राहते.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी वही नको. त्यांना फक्त ऐकवावे, म्हणू द्यावे आणि त्यासोबतचे हात शिकवावेत. कोठे हात जोडायचे, कोठे छातीशी न्यायचे, कोठे कपाळाशी, हे त्यांना खेळासारखे वाटते. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना उत्तर शिकवावे. आपण अभिवादन करावयास शिकवितो, उत्तर द्यावयास विसरतो. कोणी 'सलाम' म्हणाले आणि मूल टक लावून नुसते पाहत राहिले, तर त्या माणसाचा शब्द हवेतच लोंबकळत राहतो. त्याहून मोठ्या मुलांना अर्थ, इतिहास आणि प्रसंग शिकवावेत: दुःखाच्या घरी काय म्हणतात, सणाच्या दिवशी काय म्हणतात, निरोप घेताना काय म्हणतात.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहावे. शाळांच्या स्नेहसंमेलनात 'विविधतेत एकता' नावाचा एक कार्यक्रम हमखास असतो. एका मुलास लुंगी, दुसऱ्यास जाळीची टोपी, तिसऱ्यास नऊवारी, चौथ्यास पगडी. प्रत्येकाने एकेक वाक्य म्हणावयाचे आणि टाळ्या घ्यावयाच्या. हेतू चांगला असेल. परंतु त्या मंचावर माणूस नसतो, पोशाख असतो. टोपी घातलेल्या मुलाने 'आदाब' म्हटले म्हणून ते कोणास म्हटले, हे त्यास ठाऊक नसते. त्यापेक्षा घरी सामान पोचविणाऱ्या माणसास पाणी देताना त्याच्या भाषेत म्हटलेला एक शब्द अधिक मोलाचा, मग त्यास टाळ्या मिळोत वा न मिळोत.

शेवटी आपल्या सर्वांत मोठ्या अभिवादनाविषयी. पर्युषणाच्या अखेरीस संवत्सरीला आपण परस्परांना 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतो. दिगंबर परंपरेत क्षमावाणी होते. या प्राकृत शब्दांचा अर्थ, माझे दुष्कृत मिथ्या होवो. ही क्षमा सर्व जीवांकडे मागावयाची असते. प्रत्यक्षात ती बहुधा नातलगांच्या आणि समाजबांधवांच्या फोनवर एकाच मजकुराने पाठविली जाते. ज्याच्यावर वर्षभरात आपण खरोखर आवाज चढविला, ज्याची मजुरी आठवडाभर लांबविली, ज्यास चारचौघांत टाकून बोललो, तो हमाल, तो मागवाला, तो चालक त्या यादीत नसतो. आणि असला तरी ते दोन प्राकृत शब्द त्यास कसे कळावेत?

त्याच्या भाषेतही क्षमा मागण्याची रीत आहे. हजला निघालेला मुसलमान गृहस्थ शेजारीपाजारी जाऊन 'कहा-सुना माफ करना' असे म्हणतो. जे बोललो, जे ऐकविले, ते माफ करा. मोमीन मोहल्ल्यात शेजार असलेल्यांनी ते दृश्य पाहिले असेल. मराठीत 'चुकले-माकले क्षमा करा' असे म्हणतात. यंदाच्या संवत्सरीस आपल्या मुलास किंवा नातवास सोबत घ्यावे, पेढीवर जावे, आणि ज्यांच्या हातांवर आपला व्यापार चालतो त्यांच्यापैकी निदान तिघांना, त्यांच्या भाषेत, हे म्हणावे. मुलाने तेथे काही बोलले नाही तरी चालेल. त्याने आपले वडील हात जोडून कोणापुढे उभे राहिले, ते पाहावे. घरी आल्यावर त्या तिघांची नावे वंदन-वहीच्या चौथ्या रकान्यात त्याच्या हाताने लिहवून घ्यावीत.

ज्या बालवाचकांच्या वहीत दिवाळीपर्यंत दहा नोंदी होतील, त्यांनी त्या आपल्या अक्षरात संपादकांकडे पाठवाव्यात. मराठी विभागात त्यांना जागा देऊ. पानावर फक्त अभिवादन, उत्तर आणि अर्थ छापू; शिकविणाऱ्यांची नावे मुलांच्या वहीतच राहू द्यावीत.